तीन गाड्या आणि ६० दिवसांची उधारी

कारखान्याची लाइन थांबू नये म्हणून सुटे भाग तातडीने पोचवणाऱ्या गाड्यांचं गणित आपल्या सिलॅबसमध्ये नाही. माझ्या काकांच्या अशा तीन गाड्या होत्या, पुणे-चेन्नई. अंतर सुमारे १२०० किमी. सरासरी ताशी ४० किमी धरली तर ३० तास. म्हणजे दोन ड्रायव्हर हवेतच. (एकावर भागवणारेही असतात, पण काकांना ते पटायचं नाही.)

परतीला गाडी बहुधा रिकामी. जाऊन-येऊन २४०० किमी, लिटरला ८ किमी, डिझेल ९० रुपये धरा : खेपेला २७,०००. महिन्याला ६ खेपा, म्हणजे गाडीमागे १,६२,०००. डिझेल रोखीने, बिलाचे पैसे ६० दिवसांनी. तीन गाड्यांचे ९,७२,००० रुपये नुसते डिझेलातच अडकलेले! टोल, पगार, हप्ते वेगळेच.

एका रात्री चित्रदुर्गजवळ क्लचप्लेट गेली. दुसरी गाडी शोधून माल तिच्यात भरला, ई-वे बिलात नवा नंबर टाकला. माल ९ तास उशिरा पोचला. भाडं कापलंच, वर लाइन थांबल्याची डेबिट नोट आली. पुढच्या महिन्यात काकांनी एक गाडी विकली. त्या कंपनीकडचं आधीचं बिल तेव्हाही यायचंच होतं.