जुन्या शालेय संगणकास मॉनिटर जोडताना

केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता योजनेचा प्रारंभ १९८४-८५ मध्ये २५० शाळांतून झाला. ब्रिटनमध्ये १९८१ साली तयार झालेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तीत वापरण्यात आला. असे यंत्र शाळेच्या कोठीत आढळल्यास ते भंगारात काढण्यापूर्वी तपासून पाहणे इष्ट होय. पडदा कोरा दिसला म्हणजे संगणक निकामी झाला, असे नव्हे; पुष्कळदा दोष जोडणीत असतो.

प्रथम वीजपुरवठ्याची पेटी जाणकाराकडून तपासून घ्यावी. तिच्यातील जुने कपॅसिटर कालांतराने तडकतात व धूर सोडतात. त्यानंतरच यंत्र सुरू करावे. एक खर्जातील व लगेच एक उंच असे दोन स्वर उमटल्यास संगणक बहुधा ठीक आहे, असे समजावे. एकच स्वर अखंड चालू राहिल्यास दोष यंत्रातच असतो. अशा वेळी मॉनिटर बदलून उपयोग होत नाही.

यंत्राच्या मागे चित्रासाठी तीन मार्ग असतात. पहिला दूरदर्शन संचाच्या अँटेनासाठी असून त्याचे चित्र सर्वांत अस्पष्ट येते. दुसरा बीएनसी पद्धतीचा व्हिडिओ मार्ग. साधा जोड वापरून तो दूरदर्शन संचाच्या पिवळ्या व्हिडिओ खाचेस जोडता येतो. यावरील चित्र सामान्यतः कृष्णधवल असते, तरी प्राथमिक तपासणीस हाच मार्ग सोयीचा. तिसरा सहा टाचण्यांचा मार्ग होय. त्यातून लाल, हिरवा, निळा आणि समकालन हे संदेश वेगवेगळ्या तारांनी जातात. म्हणून एका ओळीत ८० अक्षरे असली तरी ती सुवाच्य दिसतात. पाचवी टाचणी भूजोडणीची असून सहावीवर ५ व्होल्ट दाब असतो. ही सहावी तार मॉनिटरच्या संदेशमार्गास कधीही जोडू नये.

पुढे निघालेल्या संगणकांचे मॉनिटर थेट जोडल्यास चित्र येत नाही. बीबीसी मायक्रो सेकंदास १५,६२५ रेषा पाठवितो, तर व्हीजीए मॉनिटरला सुमारे ३१,५०० रेषा लागतात. यासाठी मध्ये रूपांतरक बसवावा लागतो. या संगणकाचे रंगसंदेश अधिक दाबाचे असल्याने रूपांतरक ते स्वीकारणारा आहे, याची खात्री करून घ्यावी.

जोडणी करताना दोन्ही उपकरणे बंद ठेवावीत. काचनळीच्या मॉनिटरमध्ये वीज बंद केल्यावरही उच्च दाब राहतो. त्यामुळे त्याचे आवरण अननुभवी व्यक्तीने उघडू नये. जोडणी यशस्वी झाल्यावर तारांचा क्रम कागदावर लिहून यंत्रासोबत ठेवल्यास पुढील शिक्षकाचे श्रम वाचतील.