दान पोहोचले, पण मूल शिकले का?

अभ्यास लेख
वाचन : करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ व ९



यरुशलेमच्या ख्रिस्तसभेवर हलाखीचे दिवस आले तेव्हा संत पौलाने मासेदोनिया आणि अखया येथील भाविकांकडून मदतनिधी गोळा केला. वर दिलेले दोन्ही अध्याय त्या निधीविषयी आहेत. त्यांतून दानाच्या तीन कसोट्या मिळतात. पहिली, दान आपखुशीने द्यावे, कुरकुरत नव्हे. दुसरी, देणारा मोठा आणि घेणारा लहान असे नाही. आज एकाकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे असेल, दोघांत समता राहावी. तिसरी कसोटी आपण बहुधा विसरतो. पौलाने पैसे स्वतःच्या एकट्याच्या हाती ठेवले नाहीत. तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडून दिलेला एक बंधूही धाडला, म्हणजे व्यवहाराला कोणी बोट लावू नये.

आज श्रीमंत राष्ट्रे गरीब राष्ट्रांच्या शाळांसाठी मोठ्या रकमा देतात. त्या दानालाही या कसोट्या लावता येतील का? पूर्व आफ्रिकेतील टांझानिया या देशाचे उदाहरण घेऊन पाहू.

शिक्षक झाला राष्ट्राध्यक्ष

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे श्रद्धावंत कॅथलिक होते. राजकारणात येण्यापूर्वी ते कॅथलिक शाळेत शिकवत. लोक त्यांना शेवटपर्यंत ‘म्वालिमू’ म्हणजे ‘गुरुजी’ म्हणत. १९६७ साली त्यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण मांडले. शाळेने मुलाला गावापासून तोडू नये, गावाच्या उपयोगी पडेल असे घडवावे, हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ हे राष्ट्रांच्या विकासावरील परिपत्रक प्रसिद्ध केले. अन्नाची भूक जशी असते तशीच शिक्षणाचीही भूक असते, असे त्यात सांगितले आहे.

न्येरेरेंच्या सरकारने १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेची फी काढून टाकली. गावोगाव शाळा निघाल्या. स्वीडनसारख्या देशांनी हातभार लावला. १९८० च्या सुमारास बहुतेक मुलांची नावे शाळेच्या पटावर लागली होती.

कर्जाचे ओझे

पण दिवस फिरले. तेल महागले, कॉफी आणि घायपाताच्या धाग्याचे भाव पडले, युगांडाच्या इदी अमीनशी युद्ध झाले. देश कर्जात बुडाला. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी सरकारी खर्च कमी करण्याची अट घातली आणि शाळेत फी व वर्गण्या परत आल्या. ज्या घरात चार मुले, तिथे फी कोणाची भरायची आणि घरी कोणाला ठेवायचे, हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहिला. पटावरची संख्या घसरली. कर्ज फेडण्यासाठी मुलांना उपाशी ठेवायचे का, असा प्रश्न न्येरेरेंनी जगाला विचारला होता.

ज्युबिलीचे फळ

जुन्या करारात लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात ज्युबिली वर्षाची आज्ञा आहे. पन्नासाव्या वर्षी गहाण गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी आणि दास मोकळे व्हावेत. या आज्ञेची आठवण देऊन पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली सुचविले की, २००० च्या महाज्युबिलीनिमित्त गरीब देशांचे कर्ज पुष्कळसे कमी करावे, शक्य तर माफ करावे. ‘ज्युबिली २०००’ ही चळवळ उभी राहिली. १९९८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे बड्या राष्ट्रांचे नेते जमले असता सुमारे ७० हजार लोकांनी हात धरून मानवी साखळी केली. त्यांत कित्येक साधे चर्चला जाणारे लोक होते.

या दडपणाचा परिणाम झाला. २००१ साली टांझानियाला मोठी कर्जमाफी मिळाली. वाचलेला पैसा शिक्षण, आरोग्य अशा कामांवर खर्च करायचा, असे ठरले. त्याच वर्षी प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. २००२ पासून प्राथमिक शिक्षण विकासाची पाच वर्षांची योजना सुरू झाली. जागतिक बँकेने १५ कोटी डॉलर कर्जाऊ दिले आणि युरोपातील अनेक देशांनीही मदत केली. वर्ग बांधण्याचे पैसे गावच्या शाळा समितीकडे येऊ लागले. गावकऱ्यांनी स्वतः राबून भिंती उभ्या केल्या. २००० साली प्राथमिक शाळांत सुमारे ४४ लाख मुले होती. २००६ पर्यंत ती ८० लाखांच्या घरात गेली. एका शनिवारी हात धरून उभ्या राहिलेल्या माणसांना हे फळ कदाचित कधी दिसलेही नसेल.

पट भरला, वाचन राहिले

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. मुले जवळपास दुप्पट झाली, शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. दर मुलामागे वर्षाला १० डॉलर शाळेला द्यायचे ठरले होते, पण शाळेच्या दारी त्याहून कमी पोहोचत होते. देणारे देश वर्गखोल्या आणि पट मोजत होते. मूल वाचते की नाही, हे फारसे कोणी विचारत नव्हते.

ते विचारले ‘उवेझो’ या उपक्रमाने. किस्वाहिली भाषेत उवेझो म्हणजे क्षमता. २०१० पासून स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांना एक सोपा उतारा वाचायला देऊ लागले. तिसरीच्या दहा मुलांपैकी जेमतेम तिघांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. आपल्यासाठी विशेष म्हणजे, ही घरोघर तपासणीची रीत भारतातून गेली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही पाहणी तिचा नमुना होती. म्हणजे देणारा नेहमी श्रीमंत देशच असतो असे नाही. पौलाची समता ती हीच.

अट की दादागिरी?

टांझानियात शाळकरी मुलगी गरोदर राहिली की तिला शाळेतून काढून टाकीत. बाळंतपणानंतरही तिला सरकारी शाळेत परत येता येणार नाही, असे २०१७ साली राष्ट्राध्यक्षांनी ठणकावून सांगितले. २०१८ साली जागतिक बँकेने ३० कोटी डॉलरचे शिक्षणकर्ज रोखून धरले. हे योग्य झाले का? पोप सहावे पॉल यांनी त्याच परिपत्रकात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत : पैसा कसा वापरला जाईल याची हमी देणाऱ्याने मागावी, आणि घेणाऱ्या देशानेही आपल्या कारभारात ढवळाढवळ नको असे म्हणावे. पैसे अडले तर इतर मुलांच्या शाळाही अडतात, हेही खरे. पण त्या मुलींची बाजू त्यांच्याच देशातील लोकही मांडत होते. दुबळ्याच्या हाकेतून आलेली अट आणि सावकाराच्या सोयीची अट, यांत फरक आहे. २०२० साली बँकेने ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने ती बंदी उठविली.

आपल्यासाठी बोध

परदेशी मदत ही वळवाच्या पावसासारखी असते. २०२५ साली अमेरिकेने आपली यूएसएड ही मदत संस्थाच बंद केली आणि अनेक देशांतील कामे अर्ध्यावर राहिली. म्हणून शाळा शेवटी गावाच्या खांद्यावरच उभी राहायला हवी. न्येरेरे ‘स्वावलंबन’ म्हणत ते यासाठीच.

आपणही गरजू मुलांसाठी वह्या, गणवेश, फीचे पैसे देतो. देताना फोटो निघतो, नाव वाचले जाते. पण त्या मुलाला वाचता येते का, हे वर्षअखेरीस किती जण जाऊन विचारतात? पैसे देणे पाच मिनिटांचे काम आहे. मुलाशेजारी बसून धडा वाचून घेणे हे वर्षभराचे दान आहे, आणि ते गरिबालाही देता येते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपण शिक्षणासाठी दिलेल्या दानाचा हिशेब कोण ठेवतो? तो सर्वांना पाहायला मिळतो का?
२. आपल्या आळीत शाळा सुटलेले किंवा वाचनात मागे पडलेले मूल आहे का? आठवड्यातून एक तास त्याला कोण देईल?
३. मदत घेणाऱ्या कुटुंबाचे म्हणणे आपण कधी ऐकून घेतले आहे का?