मांजरीचे संततिनियमन : गोळी की शस्त्रक्रिया?

धान्याची राखण करणारी मांजर चार-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते व सुमारे नऊ आठवड्यांत विते. नकोशी पिल्ले मग पोत्यात घालून दूर सोडली जातात. हे टाळण्यासाठी मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेटसारख्या संप्रेरकयुक्त गोळ्या आहेत. त्यांचा परिणाम तात्पुरता असतो. मात्र दीर्घ वापराने गर्भाशयात पू होणे, मधुमेह आणि स्तनांचा कर्करोग संभवतो. गाभण मांजरीस त्या वर्ज्य होत. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून कोणतीही गोळी, विशेषतः स्त्रियांसाठी असलेली, देऊ नये. गर्भाशय व बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय होय. ती पहिल्या वर्षाच्या आत केल्यास स्तनकर्करोगाचा धोकाही पुष्कळ घटतो.