चार नंबरचे गमबूट

चिखल फक्त पावसाळ्यात होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबरात सकाळी सात वाजता देऊळगाव राजाहून चिखली रस्त्याने निघून आमच्या पांदणीला वळावं. रात्रीच्या लाइनीवर गव्हाला, हरभऱ्याला पाणी दिलेलं असतं. कुणाचा पाइप फुटलेला असतो, कुणाचा स्प्रिंकलर वावर सोडून पांदणीवरच फिरत राहिलेला असतो. वर धुकं आणि खाली काळी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि धरलेलं सोडत नाही. त्यात अवकाळी आला की रस्ता कुठला आणि वावर कुठलं हे कळेनासं होतं.

या वाटेने मी सायकलवर शेडनेटला जाते. आम्ही मिरची आणि टोमॅटोचं बी धरतो. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली, तेव्हापासून बियाण्याचा धंदा त्या बाजूला वाढत गेला आणि पुढे आमच्या भागातही शेडनेट उभी राहिली. या कामात आदल्या दिवशी कळीतले नर केसर काढले की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पराग बसलाच पाहिजे. वाट सुकेपर्यंत थांबलं तर कळी हातची जाते. घरात मोटारसायकल एकच, ती ह्यांच्या नोकरीला लागते. आणि खरं सांगायचं तर त्या चिखलात मोटारसायकल अडकली की दोन माणसं लागतात. सायकल मी एकटी उचलून बांधावर ठेवू शकते.

आमच्याकडे क्रॉसिंगला, म्हणजे कळीवर पराग बसवण्याच्या या कामाला, येणाऱ्या बहुतेक बाया चपलेवर येतात. त्यांना कुणी विचारत नाही की पायाच्या बोटांमध्ये चिखल्या का झाल्यात, टाचेच्या भेगांतून रक्त का येतंय. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. थंडीचे दिवस घोणशीच्या मीलनाचे, त्यामुळे ती या काळात जास्त फिरते आणि चावते ती पायालाच. मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मी चांगले बूट घ्यायचं ठरवलं होतं. नंतर मला जे ऐकवण्यात आलं की “शेतात जायला बाईला एवढे महागाचे बूट कशाला”, त्याला माझं उत्तर एवढंच आहे.

आधी गावातच गमबूट शोधले. सातच्या खाली नंबर नाही. माझा पाय चार नंबरचा. एका ठिकाणी सांगितलं, दोन मोजे घाला, बसेल. मी घालून पाहिलं होतं. पायडल मारताना टाच आतल्या आत वर-खाली होते आणि पाय चिखलात रुतला की बूट तिथेच राहून पाय बाहेर येतो. म्हणून मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं आणि शहराचं नाव मी लिहीत नाही, पण तिथे काय झालं ते पूर्ण लिहिते.

मी स्पष्ट सांगितलं की सायकलवर, काळ्या मातीच्या चिखलातून, थंडीत रोज वापरायचेत. दुकानदाराने पोरांच्या मापातले एक बूट काढले. लेसवाले, घोट्यापर्यंत, दिसायला दणकट. “वहिनी, हे वॉटरप्रूफ आहेत, पाण्यात बुडवा, थेंब आत जाणार नाही.” असं म्हणून त्याने ग्लासातलं पाणी बुटाच्या पुढच्या टोकावर ओतलं. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळून खाली पडले. दुकानातली दोन-चार माणसंही बघत होती. साडेतेराशे रुपये दिले. बिल मागितलं, तर म्हणाला पक्कं बिल केलं की जीएसटी लागून महाग पडेल, आणि एका कागदावर ‘बूट १’ लिहून दिलं. मी पुन्हा पक्कं बिल मागितलं. तो म्हणाला, “आमच्यावर विश्वास नाही का?” माझ्याबरोबर हे होते, त्यांना वाद नको होता.

त्याच महिन्यात, २०२३ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला तो अवकाळी झाला. राज्यभर झाला, आमच्या जिल्ह्यात गारपिटीने शेडनेटं फाटली. पाऊस थांबल्यावर सकाळी मी निघाले. पांदणीवर अर्धी वाटही गेले नसेन, उजव्या पायाला गार लागलं. मग डाव्या. शेडनेटला पोचले तेव्हा मोजे पिळून पाणी काढलं आणि तसेच ओले घालून दिवसभर काम केलं, कारण दुसरे नव्हते. परतताना उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पायडलवर टेकवला की चपलेसारखा फटफटायला लागला. उतारावर पाय घसरला, मी पडले नाही ते बांधाला टेकले म्हणून.

संध्याकाळी बूट धुऊन ओसरीवर बसले. दुकानात पाणी घरंगळलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग आत शिरलं कुठून? मी बुटातच पाणी भरलं आणि उचलून धरला. पाणी पुढच्या टोकातून आलं नाही. ते लेसच्या खालच्या जिभेच्या दोन्ही बाजूंनी गळालं, कारण जीभ फक्त खाली शिवलेली होती, बाजूंना मोकळी. आणि तळ जिथे चिकटवला होता तिथून बारीक बुडबुडे निघत होते. तेव्हा लक्षात आलं, त्या माणसाने पाणी नेमकं तिथेच ओतलं होतं जिथून ते आत जाणार नव्हतं. वर पाणी न धरणारा थर मारलेलं कापड, आणि बाकी सगळं उघडं. जिभेवर ओतलं असतं तर दुकानातच कळलं असतं. हे त्याला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ज्याचा धंदा बुटांचा, त्याला बुटाची जीभ कशी शिवलीय हे माहीत असतं.

आठवडा व्हायच्या आत आम्ही परत गेलो. बूट मी विकत घेतले, पायात मी घातले, पाय माझे भिजले, आणि तो सगळा वेळ बोलत होता यांच्याशी. “दादा, वहिनींनी साबणाने धुतले असतील.” मी म्हटलं, नुसत्या पाण्याने धुतले. तो पुन्हा यांच्याकडे बघून, “दादा, हे चिखलात घालायचे बूट नाहीतच, चुकीचा वापर झाला.” मी विचारलं, मग चिखलासाठी पाहिजेत असं मी म्हटलं होतं तेव्हा हेच का दिले? त्याचं उत्तर त्याने दिलं नाही. काउंटरच्या मागे पाटी होती, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं.

ही पाटी म्हणजे कायदा नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. बिल न देणंसुद्धा त्याच यादीत आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली. दुकानदाराने तिला उत्तर दिलं नाही, यांना फोन करून म्हणाला, “दुकानातले दुसरे काही घेऊन जा, पैसे मिळणार नाहीत.” मी दुसरे काही घेतले नाहीत. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पण क्रॉसिंगच्या हंगामात जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला, खेपा घालणं मला परवडणारं नव्हतं, आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. ते साडेतेराशे रुपये अजून त्याच्याकडेच आहेत.

आता बूट घेणाऱ्यांसाठी. वॉटरप्रूफ म्हणून जे दाखवतील त्याची जीभ आधी उचलून बघा. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत बुटाला जोडलेली असली पाहिजे. पाणी टोकावर नको, जिभेवर आणि तळाच्या जोडावर ओतायला सांगा. ओतू देत नसेल तर उठा. तळ नुसता चिकटवलेला असेल तर काळ्या मातीत टिकत नाही, कारण ही माती प्रत्येक पावलाला तळ खाली ओढते. शिवलेला किंवा बुटासकट एकसंध ओतलेला तळ घ्या. तळाच्या खाचा दाट आणि बारीक नकोत, त्या पहिल्या दहा पावलांत भरतात आणि तळ गुळगुळीत होतो. रुंद, दूर दूर खाचा असल्या की पाय झटकला की माती पडते. दुकानदार म्हणतात दाट खाचांना ग्रिप जास्त. ती डांबरावर.

सायकलला गुडघ्यापर्यंतचे गमबूट जड जातात, वरची कड पोटरीला घासते. पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे घ्या. घोट्यापर्यंतचे पायडल मारायला सगळ्यात सोपे, पण घोणशीची भीती असलेल्या वाटेवर मी ते सांगणार नाही. पीव्हीसीचे स्वस्त पडतात, थंडीत मात्र कडक होतात. रबरी मऊ राहतात. बुटावर आयएसआय खूण आणि तिच्यासोबत आयएस नंबर बघा: पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांना १२२५४, रबरी बुटांना ५५५७. माप संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून.

सलवार किंवा पँट बुटाच्या आत की बाहेर, हे कुणी सांगत नाही. पाऊस पडत नसेल आणि खाली फक्त चिखल असेल तर आत खोचा. पाऊस सुरू असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर पायावरून ओघळणारं पाणी सगळं बुटात साठतं आणि गमबुटातून ते बाहेर जायला वाट नसते. बाहेर ठेवलं की चेनच्या बाजूला रबराने किंवा नाडीने घट्ट बांधा.

गमबूट आतूनही ओले होतात, घामाने. सुती मोजे तो घाम धरून ठेवतात आणि पाय गार पडतो. लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक घाला, आणि कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत सायकलला बांधून ठेवा. पोचल्यावर मोजे बदलणं हा चिखल्यांवरचा सगळ्यात मोठा उपाय आहे, मलम नंतर. बूट चुलीजवळ वाळवू नका, जोड सुटतात. रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरून उलटे टेकवा, सकाळी घालण्याआधी झटका, विंचू बसलेला असतो. पायडल गुळगुळीत प्लास्टिकचं असेल तर कितीही चांगला बूट घसरणारच, दातेरी लोखंडी पायडल बसवून घ्या. सीट थोडी खाली घ्या, म्हणजे चाक घसरलं की पूर्ण पाय जमिनीवर टेकतो. पुढच्या मडगार्डमध्ये माती भरून चाक अडतं, ते चिखलाच्या दिवसांत काढून ठेवलेलं बरं. बाकी तेल-पाणी सगळे करतातच.

राहिला नंबरचा प्रश्न. गमबूट बनवणारे चार-पाच नंबर बनवतच नाहीत असं नाही, दुकानदार मागवत नाहीत. एकटी बाई विचारायला गेली की “येत नाहीत” म्हणतात. आमच्या शेडनेटवरच्या बायांनी आपापले नंबर एका कागदावर लिहिले आणि ती यादी सेफ्टीचं सामान ठेवणाऱ्या एका हार्डवेअरच्या दुकानात दिली, निम्मे पैसे आगाऊ, पक्की पावती घेऊन. पंधरवड्यात माल आला. त्यात चार नंबर होते, पाचही होते. आता दुसऱ्या शेडनेटवरच्या बाया तीच यादी करतायत.