आधी केबल बघ, मग ड्रायव्हरला बोल

सोन्या, फोन जोडला की कॉम्प्युटर नुसता 'टुंग' करतो आणि पुढे काही दिसतच नाही, म्हणून काल किती चिडला होतास! मी आपली गालातल्या गालात हसत होते. यापायीच तुझ्या आत्यानं एक अख्खा रविवार घालवलाय. विंडोजसुद्धा नव्यानं टाकून झालं, आणि शेवटी दोष निघाला स्टेशनबाहेर घेतलेल्या केबलचा. तेव्हा तुझा अँड्रॉइड फोन विंडोजला जोडताना हे कानमंत्र जवळ ठेव.

१. पहिल्यांदा केबल बदलून बघ — काही स्वस्त केबलींत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. दोर तुटका आणि बोल विहिरीला, असं करू नये.

२. जी केबल चालली तिच्या टोकाला लाल दोरा बांधून ठेव — माझ्या खणात सात काळ्या केबली आहेत, आणि घाईच्या वेळी सातही सख्ख्या बहिणी दिसतात.

३. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून बघ — खिशातला कापूस तिथे दडून बसतो आणि पिन अर्धीच आत जाते. काढायचा तर फोन बंद करून, लाकडी काडीनं, हलक्या हातानं.

४. हब मधे न घालता केबल थेट कॉम्प्युटरला लाव, आणि डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला — मागची पोर्टं मदरबोर्डवरच असतात, पुढची आतल्या लांब तारेनं जोडलेली. मध्यस्थ जितके कमी, तितकं लग्न लवकर जमतं.

५. फोनचं लॉक उघड, वरून सूचनांचा पडदा ओढ आणि यूएसबीच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवड — फोन एरवी नुसता चार्ज होत राहतो, तुझ्या परवानगीवाचून फोटो दाखवत नाही. कडी आपणच लावायची, अन् पाहुणा आला नाही म्हणायचं!

६. आता दोघांनाही एकदा बंद करून चालू कर — हसू नकोस, निम्मी भांडणं झोप काढल्यावर मिटतात.

७. एवढ्यानं नाही भागलं, तरच स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघड, आणि पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाच — २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. ४३ म्हणजे उपकरणानंच बिघाड कळवला म्हणून विंडोजनं त्याला थांबवलं, तेव्हा पुन्हा केबलकडे वळ.

८. त्रिकोणवाल्या त्याच नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' कर, केबल काढ, कॉम्प्युटर रिस्टार्ट कर, मग पुन्हा जोड — विंडोज फोनला नव्यानं ओळखतं आणि ड्रायव्हर स्वतःच बसवतं.

९. तरी अडलं तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून कॉम्प्युटरवरचीच यादी उघडून 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस' निवड — एमटीपी म्हणजे फोन-कॉम्प्युटरमधल्या फाइलींच्या देवाणघेवाणीची पद्धत, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, त्याला गावभर शोधायला नको.

१०. तुझं विंडोज 'एन' आवृत्तीचं नाही ना, हे सेटिंग्जमध्ये बघ — त्यात 'मीडिया फीचर पॅक' आधीपासून नसतो, आणि एमटीपीला तो लागतो.

११. वेगळा ड्रायव्हर हवाच असेल, तर विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मधून किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घे — 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारे बरोबर काय काय आणतात, सांगता येत नाही. अनोळखी ड्रायव्हरला किल्ली, तर गाडी गेली दिल्ली.

१२. फोटोंसाठी 'यूएसबी डीबगिंग' सुरू करू नकोस — ती सोय अ‍ॅप बनवणाऱ्यांची. कधी केलीच, तर काम झाल्यावर बंद कर.

१३. फोटो 'कट' नको, 'कॉपी' कर, आणि चार-दोन उघडून बघितल्यावरच फोनमधले पूस — केबल निम्म्यात हलली की हळहळत बसावं लागतं.

१४. एका वेळी एकच उपाय कर आणि कशानं जमलं ते वहीत लिही — पाच औषधं एकदम घेतली की बरं कशानं वाटलं ते वैद्यालाही कळत नाही.

सगळं करूनही नाहीच जमलं, तर फोन घेऊन सरळ घरी ये. लाल दोऱ्याची केबल देईन. पण ती परत आणून दे, मागच्या वेळची अजून तुझ्याकडेच आहे.