गिअरची सायकल साधी कशी करतात

गिअर बिघडला की सायकल अडगळीत पडते आणि एक दिवस भंगारात जाते. पण तिची साधी सायकल करता येते. मग हायस्कूलला लांब चालत जाणाऱ्या ताईला ती उपयोगी पडते.

मागच्या चाकाजवळ दोन बारीक चक्र्यांचा एक भाग लोंबत असतो. त्याला डिरेलर म्हणतात. तो चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवतो आणि ताणूनही धरतो. सायकल पडली की तो वाकतो. वाकलेला डिरेलर चाकाच्या तारांत अडकला, तर चाक एकदम थांबते आणि माणूस पडतो.

साहित्य : पाने, चेनची पिन काढायचे हत्यार, साधे फ्रीव्हील, साधी चेन. गिअरची चेन अरुंद असते. ती साध्या फ्रीव्हीलच्या जाड दात्यांवर बसत नाही.

कृती :
1) चेन, डिरेलर आणि गिअरच्या वायरी काढाव्या. ब्रेकच्या वायरींना हात लावू नये!
2) जुने फ्रीव्हील दुकानातून काढून घ्यावे. त्याचा पाना वेगळा असतो. मग साधे फ्रीव्हील बसवावे.
3) पुढची चक्री आणि फ्रीव्हील एका ओळीत हवे. दोरी ताणून बघावे. पुढे दोन-तीन चक्र्या असतील तर ओळीत येईल ती घ्यावी. तिरकी चेन उतरते.
4) चेन मापाने तोडून जोडावी. चाक मागे ओढून नट घट्ट करावे. चेन मधोमध दाबली की साधारण अर्धा इंच हलावी. चाक मागे सरकायला खाच नसेल, तर चेन ताणणारी छोटी चक्री लावावी लागते.

आता गणित बघा. पुढे 36 दाते, मागे 18 दाते. 36 ÷ 18 = 2. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्या. 26 इंची चाक एका फेरीत सुमारे 2 मीटर जाते, म्हणून सायकल 4 मीटर जाईल. मागे 16 दाते घेतले तर चाकाच्या सव्वादोन फेऱ्या होतात. सायकल जास्त पळते, पण पायाला जड जाते.

साध्या सायकलीला चढावर गिअर बदलता येत नाही. म्हणून आपल्या वाटेवर चढ किती, मागे दळणाचा डबा असतो का, हे आधी बघावे आणि मगच दाते ठरवावे. चढ असेल तर मागे जास्त दाते घ्यावे.

पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर हळू चालवावी. नट आणि ब्रेक मोठ्या माणसाकडून तपासून घ्यावे. मगच ताईला द्यावी.

— इयत्ता 4 थी