इंजिनिअर झाल्यावरची परीक्षा : 'गेट'ची तयारी आणि सभासदाचे घर



गळीत हंगामाच्या तोंडावर या पानावर आपण तोडणीचे नियोजन, खोडव्याची निगा असे विषय वाचता. या वेळी विषय थोडा बाजूचा आहे, पण आपल्याच घरातला आहे.

गेल्या महिन्यात शेतकी ऑफिसच्या ओट्यावर माणकडचे एक सभासद भेटले. म्हणाले, "मास्तर, थोरली केमिकलची इंजिनेर झाली. आता हिंजवडीत कुठंतरी चिकटंल म्हटलं, तर ती म्हणती अजून एक परीक्षा हाय. दिवसभर दार लावून बसती. घरात पाव्हणे स्थळं घेऊन यायला लागलेत, त्यांना काय सांगू? ही शिक्षणं संपायची कधी?"

त्यांचा राग मुलीवर नव्हता. ती काय करते आहे हे समजत नव्हते, त्याचा तो राग होता. आपल्या दारात आयटी पार्क उभे आहे. ज्या शिवारात आपण भात आणि ऊस पाहिला तिथे काचेच्या इमारती आहेत, रोज सकाळी वाकडपासून गाड्यांची रांग लागते. असे असताना पदवी घेतलेली पोर घरात बसून पुन्हा अभ्यास करते, हे बापाच्या डोक्यात चटकन शिरत नाही. म्हणून ही परीक्षा काय आहे आणि तिच्या तयारीत घरच्यांचे काम काय, एवढेच या लेखात पाहू.

परीक्षेचे नाव 'गेट'. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांना पुढे एम.टेक. करायचे असेल तर देशपातळीवर घेतली जाणारी ही परीक्षा. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी व गुवाहाटी येथील आयआयटी ती आळीपाळीने घेतात. २०२१ ची परीक्षा मुंबईच्या, म्हणजे पवईच्या आयआयटीने घेतली होती. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येते. वयाची अट नाही, कितीदा बसावे यालाही मर्यादा नाही. नुसत्या डिप्लोमावर मात्र बसता येत नाही. मिळालेला स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो. त्यावर आयआयटी, एनआयटी अशा संस्थांत एम.टेक.ला प्रवेश मिळतो व शिकत असताना विद्यावेतन मिळते. एनटीपीसी, ओएनजीसी, पॉवरग्रिड यांसारख्या सरकारी कंपन्यांनीही अभियंते घेताना हे गुण धरलेले आहेत. मात्र कोणती कंपनी कोणत्या वर्षी धरते ते त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आमच्या वेळी इंजिनिअर म्हटले की पुण्याचे सरकारी कॉलेज नाहीतर सांगलीचे वालचंद. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि लोणीच्या प्रवरा परिसरापासून कोल्हापुरापर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. उसाच्या पट्ट्यातली पोरे इंजिनिअर झाली ती त्यानंतर. हे चांगलेच झाले. पण पदवी जशी घरोघर आली तशी नुसत्या पदवीची किंमतही उतरली. विषय खरोखर किती कळला आहे हे पाहणारी चाळणी म्हणून 'गेट'ला वजन आले.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. ही परीक्षा सगळ्यांसाठी नाही. हिंजवडीतल्या संगणक कंपनीत नोकरी करायची तर 'गेट' लागत नाही. परदेशी जायचे तर तिकडच्या परीक्षा वेगळ्या. शेजारच्याचा मुलगा बसला म्हणून आपल्यालाही बसवणे यात हशील नाही. ज्याला आपल्या शाखेतच पुढे जायचे आहे, त्यानेच या वाटेला जावे.

आता प्रश्नपत्रिका. वेळ तीन तास, प्रश्न पासष्ट, गुण शंभर. परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून. शंभरांपैकी पंधरा गुण सामान्य कलचाचणीचे : थोडे इंग्रजी, थोडे अंकगणित, थोडा तर्क. बहुतेक शाखांना तेरा गुण अभियांत्रिकी गणिताचे. उरलेले बहात्तर आपल्या विषयाचे. म्हणजे अठ्ठावीस गुण असे की जे विषयाच्या जाडजूड पुस्तकांबाहेर आहेत. आपली मुले नेमकी तिथेच दुर्लक्ष करतात. मी स्वतः गणित शिकवत आलो म्हणून म्हणत नाही, पण पहिले दोन महिने गणिताला द्यावेत. तोच पाया पुढे विषयात कामाला येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीला भिऊ नये. तिथे निबंध लिहायचा नसतो, वाचून अर्थ लावायचा असतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख मन लावून वाचला तरी फरक पडतो.

प्रश्न तीन तऱ्हेचे असतात. पहिल्यात चार पर्यायांतला एक बरोबर. दुसऱ्यात एक किंवा अधिक बरोबर, आणि सगळे बरोबर ओळखले तरच गुण. तिसऱ्यात पर्यायच नाहीत, आकडा काढून स्वतः भरायचा. पहिल्या तऱ्हेत उत्तर चुकले तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. बाकी दोन तऱ्हांत कापाकापी नाही.

याचा हिशेब मुलाकडून एकदा करून घ्या. दोन गुणांचे बारा प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर चारांत एक या प्रमाणाने तीन बरोबर येतील, सहा गुण मिळतील. नऊ चुकतील, त्यांचे सहा गुण जातील. हातात शून्य, आणि वेळ गेला तो वेगळाच. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चूक आहेत असे ओळखता आले, तर त्याच बारांतले सहा बरोबर येतील. बारा मिळाले, चार गेले, आठ हातात राहिले. म्हणून अर्धवट कळलेल्या प्रश्नावर विचार करून धाडस करावे, मुळीच न कळलेला सोडून द्यावा. आकडा भरायच्या प्रश्नात काही कापत नाहीत, तिथे जागा रिकामी ठेवू नये.

आता तयारीकडे वळू. इथे मला घरचीच गोष्ट सांगायला हवी. माझा पुतण्या मेकॅनिकलचा. त्याच्या वडिलांनी उसाच्या बिलातून शहरातल्या एका क्लासची फी भरली. पोर रोज तीन तास ऐकून यायचे, वह्या भरून आणायचे. वह्या बघून आम्ही खूश! फेब्रुवारीत परीक्षा झाली आणि पठ्ठ्या पात्रतेच्याही खाली. क्लासला नावे ठेवून आम्ही मोकळे झालो. पण खरे कारण त्याच्या वहीतच होते. त्याने ऐकले होते पुष्कळ, स्वतः सोडवले काहीच नव्हते. दुसऱ्याची नांगरट बांधावर उभे राहून पाहिली म्हणून आपले रान नांगरून होत नाही.

दुसऱ्या वर्षी तो घरीच बसला. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट मिळतात, ती गरजेपुरती पाहिली. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा केल्या. घड्याळ लावून तीन तासांत एक पेपर आणि मग दोन दिवस त्याच पेपरातल्या चुकांवर. त्यासाठी त्याने एक वेगळी वही केली. प्रत्येक चुकीसमोर कारण लिहायचे : कळलेच नव्हते, आकडेमोड चुकली, एकक चुकले, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिनाभराने वही चाळली तेव्हा निम्म्याहून जास्त चुका शेवटच्या तीन कारणांच्या निघाल्या. म्हणजे विषय येत होता, हात चुकत होता. तेव्हापासून त्याने नवी पुस्तके आणणे बंद केले. त्या वर्षी पात्र झाला आणि एम.टेक.ला लागला.

हात कसा चुकतो ते आपल्या कारखान्यातल्याच उदाहरणाने सांगतो. शंभर टन रस आहे, त्यात पंधरा टक्के घन पदार्थ. तो आटवून साठ टक्क्यांचा पाक करायचा. पाणी किती उडवावे लागेल? घाईत पोरे साठातून पंधरा वजा करतात आणि पंचेचाळीस टन सांगतात. पण घन पदार्थ काही उडत नाहीत. ते पंधरा टन आधीही होते, नंतरही तेवढेच राहणार. पंधरा टन म्हणजे पाकाचे साठ टक्के, तर पाक झाला पंचवीस टन. पाणी उडाले पंचाहत्तर टन. आकडा भरायच्या प्रश्नात पंचेचाळीस लिहिणाऱ्याला 'चुकलास' म्हणून सांगणारे कोणी नसते.

दुसरे उदाहरण सेंट्रिफ्युगल मशिनचे. बास्केटचा व्यास १.२ मीटर, फेरे मिनिटाला हजार. साखरेच्या दाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर येतो? उत्तर सुमारे ६७० पट. त्रिज्येऐवजी व्यास धरला की १३४० येते, आणि मिनिटाचे सेकंद करायचे राहिले तर उत्तराला धरबंधच राहत नाही.

यावरून एक सुचवावेसे वाटते. आपला कारखाना हे केमिकल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे उघडे पुस्तक आहे. बॉयलर, टर्बाइन, बाष्पीभवनाची पात्रे, पॅन, अल्टरनेटर, सगळे एका आवारात. चार पात्रांच्या मालिकेत एक टन वाफेवर ढोबळमानाने चार टनांच्या जवळपास पाणी कसे उडते, हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते, पाहिलेले नसते. हंगाम चालू असताना रीतसर परवानगी काढून मुलामुलींना एक दिवस दाखवावे. माणच्या त्या सभासदांना मी हेच म्हणालो, तर त्यांनी विचारले, "पोरीला आत सोडत्यात का?" का नाही सोडणार? सभासदाची लेक आहे, केमिकलची पदवीधर आहे.

आता घरच्यांचे काम. परीक्षा येते फेब्रुवारीत. म्हणजे अभ्यासाचे शेवटचे, सर्वांत मोलाचे तीन महिने नेमके आपल्या तोडणीत सापडतात. टोळी आली, चिटबॉयचा निरोप आला, ट्रॉली भरली की हाक जाते घरात बसलेल्या पोराला, कारण तो 'मोकळा' दिसतो. पुतण्याच्या पहिल्या वर्षी डिसेंबरातल्या किती रात्री वजनकाट्याच्या रांगेत गेल्या ते आम्हीच मोजले नाही. मुलगी असेल तर तीच गत वेगळ्या रीतीने होते. टोळीचा चहा, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि मध्येच बघायचा कार्यक्रम.

तेव्हा घरात बसून एकदा बोलून घ्यावे. किती महिने द्यायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही जमले तर पुढे काय. माझ्या मते पदवीनंतर एक पूर्ण वर्ष द्यावे. दुसऱ्यांदा बसायचेच असेल तर नोकरी धरून बसावे. आणि तिसऱ्या वर्षाच्या जुलैत सुरुवात केली तर पदवीनंतर घरी बसण्याची पाळीच येऊ नये. आडसाली उसाला देतो तेवढाच काळ मिळतो, आणि तोही कॉलेज चालू असताना. मुदत ठरली की बापाच्याही जिवाला बरे आणि पोराच्याही. पाहुण्यांना सांगायला तारीख राहते, "फेब्रुवारीनंतर बघू." माणच्या सभासदांना ही तारीख मिळाली तेव्हाच त्यांचा चेहरा सैल झाला.

ज्यांना विषय कळत नाही त्या आईवडिलांनी 'किती तास बसलास' असे विचारू नये. 'आज किती गणिते सोडवलीस, किती चुकली, वहीत लिहिलीस का' असे विचारावे. हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही.

हिंजवडीत नोकरी करून अभ्यास करणाऱ्यांची अडचण निराळी. संध्याकाळ रहदारीत जाते आणि घरी आल्यावर डोके चालत नाही. त्यांनी पहाटेचे दोन तास धरावेत आणि रविवारी पूर्ण पेपर सोडवावा. रात्रीच्या अभ्यासाच्या गप्पा पुष्कळ ऐकल्या, टिकलेला एकही पाहिला नाही.

कागदपत्रांविषयी थोडे, कारण यात आपले लोक हमखास अडतात. अर्ज साधारण ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ऑनलाइन भरले जातात. इतर मागासवर्गाची सवलत घ्यायची तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याने २०२४ साली कायदा केलेल्या एसईबीसी वर्गाचा दाखला केंद्रीय संस्थांच्या प्रवेशाला चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला पाच एकरांची अट आहे. कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असली तर उत्पन्न कमी असूनही तो मिळत नाही. तेव्हा सातबारा आणि आठ-अ काढून आधीच पाहावे, तहसीलच्या चकरा जूनमध्येच उरकाव्यात.

परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. पडद्यावरचाच वापरायचा असतो आणि तो माऊसने दाबताना वेळ खातो. सराव त्यावरच करावा. जानेवारीत प्रवेशपत्र निघाले की केंद्राचा पत्ता पाहून एकदा जाऊन यावे. केंद्र पुण्याच्या दुसऱ्या टोकाला असले तर आदल्या रात्री तिकडच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे. मूळ ओळखपत्र बरोबर असावे. आणि त्या दिवशी ट्रॅक्टर दुसऱ्या कोणाकडे द्यावा.